फुकुयोची नजर

यंदा गुरांच्या प्रदर्शनाच्या पाटीवर सुमिएचं नाव लागणार होतं, आणि एवढ्याशा गोष्टीवरून तिच्या सासऱ्याने उन्हाळाभर तोंड फुगवून ठेवलं होतं.

तसं पाहिलं तर गोठा सुमिएचाच. लग्न होऊन आली तेव्हापासून शेण तिने काढलं, पेंढा तिने कापला, आंबोण तिने कालवलं, थंडीवाऱ्यात कालवडींच्या अंगावरून खरारा तिने फिरवला. नवरा नागोयाला मोटारींच्या कारखान्यात. महिन्यातून एकदा यायचा, गोठ्याच्या दारात उभा राहून "मोठी झाली हं," म्हणायचा आणि आंघोळीला जायचा. पण नोव्हेंबरात प्रदर्शन आलं की पाटीवर नाव कुणाचं? सासऱ्याचं, गेन्झो हामागुचीचं. म्हातारा पांढरा कोट चढवणार, कासरा हातात घेऊन रिंगणात छाती काढून चालणार, आणि सुमिए मागून बादली घेऊन. एका वर्षी तर कुणा बातमीदाराने तिला गडी समजून बाजूला सारलं होतं. फोटोत येत होती म्हणे.

पुढे म्हाताऱ्याचे गुडघे गेले आणि त्याने कासरा सोडला. सोडला असं तो म्हणतो. खरं तर सुमिएने तो काढून घेतला. ती एकटी ताजिमाच्या वासरांच्या बाजाराला गेली, दिवसभर दावणीदावणीने फिरली आणि संध्याकाळी एक बारकीशी काळी कालवड घेऊन आली. कातडी मऊ, हाडं बारीक, डोळे मोठे आणि सालस. तिचं नाव फुकुयो.

गेन्झोने काठीवर रेलून तिला पाहिलं. "ही? ही मांजर आहे."

"मांजरच आणलीय, मामंजी. वाघीण करते की नाही बघा."

आणि केलीनही. मात्सुसाकाच्या आसपास बाया आणि म्हातारे कालवडी पोसतात ते काही नुसतं खाऊ घालून नाही. नुसतं खाऊ घालायला काय, कुणीही घालेल. कालवड लेकीसारखी पोसायची आणि मग बाजाराला लावायची, हे ज्याला जमतं त्याने यात पडावं. फुकुयोला रोज संध्याकाळी भाताच्या बांधांवरून फिरवायचं, पेंढ्याच्या चुंबळीने अंग चोळायचं, खाण्यावरचं मन उडालं की बियरची बाटली तोंडात रिकामी करायची. ती बियर दुकानातून आणताना दोन बाटल्या आणाव्या लागत, कारण एक वाटेतच मामंजींच्या घशात जाई. "चव बघितली," असं ते म्हणत. "शिळी असली तर जनावराला त्रास व्हायचा."

आता या धंद्यातली एक मेख. मांसात पांढरी जाळी उतरली पाहिजे, धुक्यासारखी बारीक, तरच प्रदर्शनानंतरच्या लिलावात मोठी दुकानं बोली लावतात. ती जाळी धरावी म्हणून मधल्या काही महिन्यांत कालवडीचं हिरवं तोडतात. गवत नाही, ओला चारा नाही. पिवळा वाळका पेंढा आणि आंबोण, बस्स. पुढे थोडं थोडं हिरवं परत द्यायचं, कारण हिरव्यावाचून डोळे जातात. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. किती दिवस तोडायचं आणि कधी परत द्यायचं, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं, आणि शेजाऱ्याला सांगायचं नाही.

सुमिएनेही कुणाला सांगितलं नाही. परत द्यायची वेळ आली तेव्हा तिने मनाशी म्हटलं, आणखी थोडं. मग म्हटलं, आणखी जरासं. फुकुयोची पाठ हाताखाली अशी भरत चालली होती की पहिला नंबर तिला समोर दिसायला लागला होता. पाटीवर आपलं नाव, त्याच्यावर लाल फीत. इतकी वर्षं बादली धरून मागे चाललेल्या बाईला ती फीत हवीशी वाटली तर तिला कोण बोल लावणार? पण हाव ती हावच.

ऑक्टोबर लागला होता. भात कापून झालं होतं, बांधावर संध्याकाळ लवकर उतरायला लागली होती. सुमिए फुकुयोला घेऊन नेहमीच्या वाटेने निघाली. कालव्यावर सिमेंटचा एक अरुंद साकव आहे, हजारदा ओलांडलेला. त्या दिवशी फुकुयो साकवाच्या तोंडाशी थबकली, नाक पुढे करून फुरफुरली, आणि तिचा पुढचा पाय साकवाच्या बाहेर पडला. सुमिएने सगळं वजन टाकून कासरा ओढला म्हणून बरं, नाहीतर कालव्यात गेली असती.

"काय गं बाई? काय झालं?"

फुकुयो थरथरत होती. सुमिएने तिच्या डोळ्यासमोर हात हलवला. पापणी लवली नाही. बुबुळ भलं मोठं पसरलं होतं आणि आतून निळसर चमकत होतं. सुमिएला डॉक्टरची गरज नव्हती आणि पुस्तकाचीही. आपण काय केलं ते तिला तिथेच, साकवावर उभ्या उभ्या कळलं.

घरी आली तर गेन्झो गोठ्याच्या ओट्यावर बसून पाय चेपत होता.

"मामंजी, फुकुयोला रातांधळं आलंय."

म्हाताऱ्याने उन्हाळाभराचा अबोला मोडला. "हिरवं कधी परत दिलंस?"

"दिलंच नाही."

"दिलंच नाही!" त्याने काठी आपटली. मग अगदी शांतपणे म्हणाला, "दिवसा दिसतं ना तिला?"

"दिसतं."

"मग झालं तर. प्रदर्शन दिवसाचंच असतं."

"अहो, पण डोळे..."

"डोळे, डोळे! अगं, महिन्याभरात ती कापायला जाणार. तिला काय पेपर वाचायचाय? आत्ता औषध दिलंस, हिरवं घातलंस, की चरबी पिवळी पडेल, जाळी विरेल. वर्षानुवर्षांची मेहनत मातीत. रात्रीचा दिवा लावून ठेव गोठ्यात आणि तोंड मिटून बस. तुझंच नाव लागणार आहे पाटीवर, माझं नाही."

शेवटचं वाक्य त्याने मुद्दामच मारलं, आणि ते बरोबर जागी लागलं. खोटं कशाला बोला, सुमिएलाही ते पटलं होतं. अख्खा एक दिवस पटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फुकुयो लख्ख उजेडात उभी होती, सुमिए डावीकडे गेली की मान डावीकडे वळवत होती. काही झालंच नाही, असं कुणालाही वाटलं असतं. सुमिएने गोठ्यात दिवा टांगला. दुपारी अंग चोळलं, पाठीवर तळवा फिरवला. काय पाठ होती! असली पाठ पाच गावांत नव्हती. महिनाभरच तर काढायचा, असं ती स्वतःला दिवसभर सांगत राहिली.

संध्याकाळी कुठे काय झालं कोण जाणे, वीज गेली. सुमिए आंबोणाची बादली घेऊन अंधारात गोठ्यात शिरली आणि सवयीने म्हणाली, "आले गं, फुकुयो." तिचा आवाज ऐकला मात्र, फुकुयो आनंदाने हंबरून सरळ पुढे आली, आणि गव्हाणीवरच्या आडव्या वाशावर कपाळ आपटलं. धाडकन आवाज आला. सुमिएने चाचपून पाहिलं तर हाताला रक्त लागलं. तरी ती वेडी मागे सरली नाही. सुमिएचा आवाज कुठून येतोय ते हुंगत राहिली, आणि तिचा हात सापडल्यावर तो चाटत उभी राहिली.

सुमिए बादली टाकून तिथेच शेणात बसली आणि ढसाढसा रडली. पोटभर रडून झाल्यावर नाक पुसलं, उठली आणि घरात जाऊन गुरांच्या इवासे डॉक्टरांना फोन लावला.

"सुमिए!" म्हातारा आतून ओरडला. "काय करतेयस?"

"डॉक्टरांना बोलावतेय."

"डोकं फिरलंय तुझं? जनावर कापायचं आहे ते!"

"कापायचं ते ठरलेलंच आहे, मामंजी. ते मी पहिल्या दिवसापासून जाणते, आणि तेव्हाही मी मागे हटणार नाही. पण आंधळी करायची कुणी ठरवलं होतं? ती मी केली. माझ्या हावेचं तिने का भोगायचं?"

"पहिला नंबर जाईल!"

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हणे. उगाच मोठेपणा मिरवतेय!"

"मोठेपणा नाही. मला हवाय तो नंबर, तुमच्याहून जास्त हवाय. पण हे मी करणार म्हणजे करणार. तुम्ही आत जाऊन बियर प्या."

डॉक्टर आले, विजेरीने डोळे पाहिले, सुई टोचली. जाताना म्हणाले, "आत्ता बोलावलंत म्हणून नजर येईल परत. आणखी थांबला असतात तर कायमची गेली असती. मांसाचं मात्र मी काही सांगू शकत नाही, बाई. ते कापल्यावरच कळेल."

औषधाने डोळ्यांचं भागणार होतं, पण फुकुयोने खाणंही सोडत आणलं होतं. आंबोण हुंगून तोंड फिरवायची. बियर झाली, मीठ झालं, कोंडा शिजवून घालून झाला. शेवटी सुमिएने विळा उचलला आणि कालव्याकाठचं कोवळं, ओलं गवत कापून भारा डोक्यावर घेतला.

प्रदर्शनाच्या तोंडावर पोसणीच्या गोठ्यात हिरवा भारा नेताना आमच्या गावात कुणी कुणाला पाहिलेलं नाही. सुमिए भर सकाळी, हमरस्त्याने घेऊन गेली. लपवायचं असतं तर मागची वाट होती. तोमोए काकू दारात मुळे धूत होत्या, त्यांच्या हातातला मुळा तसाच राहिला.

"अगं सुमिए, ससे पाळलेस की काय?"

"नाही काकू. फुकुयोला नेतेय."

"फुकुयोला? आत्ता?" काकूंनी आवाज खाली आणला. "सासऱ्यावरचा राग जनावरावर काढू नये गं."

दुपारपर्यंत गावभर झालं. हामागुचीच्या सुनेचं डोकं फिरलंय, फुकट घालवणार ती कालवड. गेन्झोने हे ऐकलं आणि पुन्हा अबोला धरला. सुमिएला काही फरक पडला नाही, कारण फुकुयो खात होती. त्या भाऱ्यात तिने असं तोंड खुपसलं की कानापर्यंत हिरवी झाली. दोनचार दिवसांत आंबोणही चाटून पुसून खायला लागली. आणि एका संध्याकाळी, चांगलं अंधारून आल्यावर, सुमिए मुद्दाम काही न बोलता, पाय न वाजवता गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. फुकुयोने रवंथ थांबवलं आणि मान वर करून थेट तिच्याकडे बघितलं. सुमिए डावीकडे सरकली, नजर डावीकडे आली. उजवीकडे सरकली, नजर उजवीकडे.

"दिसतेय होय गं मी तुला, सटवे!" सुमिए हसत म्हणाली, आणि बराच वेळ तशीच इकडून तिकडे, तिकडून इकडे सरकत राहिली.

प्रदर्शनाच्या दिवशी तिने पांढरा कोट घातला. गेन्झो म्हणाला होता की तो येणार नाही. सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन तोच बसला. मैदानावर नोंदणीच्या टेबलाशी कामितानी नावाचे समितीचे प्रमुख बसले होते. सुमिएने कालवडीचं नाव सांगितलं, आपलं नाव सांगितलं, आणि पाठोपाठ म्हणाली, "हिला रातांधळं झालं होतं. महिन्यापूर्वी औषध दिलंय. त्यानंतर रोज हिरवं घातलंय, अगदी कालपर्यंत."

कामितानींनी चष्मा वर केला. "तुम्हाला कुणी विचारलंय का हे?"

"नाही."

"नियमात आहे का सांगायचं?"

"नाही."

"मग?"

"मग काय? मी सांगतेय. घेणाऱ्यालाही सांगा. माझ्या नावावर जनावर उभं आहे. कापल्यावर काही वेगळं निघालं तर उद्या त्या नावाने बोटं मोडतील लोक."

मागे उभ्या असलेल्या मंडळींत कुजबुज झाली. बाकावर म्हाताऱ्यांच्या घोळक्यात बसलेल्या गेन्झोने कपाळावर हात मारला.

रिंगणात फुकुयो अशी चालली की बघणाऱ्यांचं बोलणं थांबलं. सुमिए पुढे, कासरा सैल, मागे बादली धरायला कुणी नाही. परीक्षक एकेक करून आले, शेपटीच्या मुळाशी बोटं रुतवून पाहिली, बरगड्यांवरून तळवे फिरवले, एकमेकांकडे पाहिलं. त्यातला सगळ्यांत थोरला माणूस पुन्हा परत आला आणि पुन्हा पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "अंगाने पहिली आहे हो," तो हळूच म्हणाला. पण निकाल कर्ण्यातून आला तो असा: पहिली कुणा दुसऱ्याची, दुसरी, तिसरी, आणि चौथी फुकुयो, पोसणारी सुमिए हामागुची.

चौथी! सुमिएला वाटलं होतं आपण सहन करू. नाही झालं. असा संताप आला की तो पांढरा कोट काढून भिरकावून द्यावासा वाटला. डोळ्यातलं पाणी तिने फुकुयोच्या मानेआड पुसलं. आपलं नाव मैदानभर घुमलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्यांदा घुमलं तेव्हा आलं, कारण लिलाव सुरू झाला होता आणि फुकुयोची पाळी होती.

कुणी हात वर केला नाही. टोकियोच्या दुकानांची माणसं आपापसांत बोलत राहिली. एकजण म्हणाला, "चरबी पिवळी निघाली तर दुकानात मांडू कशी?" लिलाव करणाऱ्याने पुन्हा पुकारा केला. पुन्हा एकही हात नाही. सुमिए कासरा धरून उभी राहिली, जागची हलली नाही.

"अरे, हात लावून तरी बघा, भिकारड्यांनो!"

सगळे वळले. बाकावरून गेन्झो उठला होता, काठी उगारून, गुडघे लटपटत असताना. "जन्मभर कालवडी पोसल्या मी. असली पाठ माझ्या एकाही जनावराला नव्हती. एकाही! माझ्या सुनेने पोसलीय ती. बोलायचं नसेल तर निदान हात तरी लावा!"

सुमिए त्याच्याकडे बघतच राहिली. म्हातारा धाप लागून खाली बसला आणि शेजाऱ्याची बियर घटाघटा प्यायला.

गावातल्या खाटकाच्या दुकानाचे ओकुनोसान गर्दीतून पुढे आले. वय झालेला, कमी बोलणारा माणूस.

"पिवळी निघेल?" त्यांनी विचारलं.

"निघेल कदाचित."

"जाळी विरली असेल?"

"असेलही."

"मग तुम्हीच सांगा, मी का घ्यावी?"

"मी कशी सांगू? पाठीवर हात ठेवा आणि काय ते तुम्हीच ठरवा."

ओकुनोसाननी हात ठेवला. बराच वेळ ठेवला. डोळे मिटून बोटं हळूहळू दाबत पार पुठ्ठ्यापर्यंत नेली. मग लिलाव करणाऱ्याकडे वळून हात वर केला. बोली साधीच होती, चौथ्या नंबरालाही शोभू नये अशी. त्यावर दुसरा हात वर आला नाही. "माझ्या गिऱ्हाइकाला मी सगळं सांगूनच विकेन," ते म्हणाले. सुमिएने कमरेत वाकून नमस्कार केला.

मैदान रिकामं होईस्तोवर दिवस कलला. ओकुनोसानची गाडी सगळ्यांत शेवटी लागली. मागची फळी जमिनीला टेकवून झाली आणि ड्रायव्हर हातात जुनं गोणपाट घेऊन आला. आमच्याकडे चढवताना जनावराच्या डोळ्यांवर गोणपाट टाकतात. फळी दिसत नाही, गाडी दिसत नाही, कोण कुणाच्या हातात कासरा देतंय ते दिसत नाही. जनावर निमूट चढतं. माणसालाही ते सोपं जातं.

"नको," सुमिए म्हणाली.

"अहो, अंधारून आलंय. बुजेल. सगळेच टाकतात."

"नको म्हटलं ना. तिला दिसतं."

सुमिए स्वतः फळीवर चढली. फुकुयोने मान खाली घालून फळीची कड पाहिली, पाय उचलून नेमका तिच्यावर ठेवला, मग दुसरा. कुठे अडखळली नाही. आत नेऊन सुमिएने तिला गाडीतल्या दाव्याला बांधून कासरा सोडवला, कपाळावरची भरून आलेली जखम एकदा चोळली, खाली उतरली आणि कासरा ड्रायव्हरच्या हातात दिला. गेन्झो तोंड फिरवून मैदानाकडे बघत उभा राहिला होता.

तेव्हा फुकुयोने मान वळवली. गाडीत अंधार होता, बाहेरही जवळजवळ पडलाच होता, पण तिला सुमिए दिसत होती. उभी असलेली, हात रिकामे झालेली, जवळ न येणारी. ती हंबरली नाही. नुसती बघत राहिली. ती नजर सुमिएनेच तिला परत दिली होती, तेव्हा आता ती चुकवायची कशी? सुमिएचे पाय मागे सरायला बघत होते. तिने सरू दिले नाहीत. फळी वर उचलून कडी लागेपर्यंत ती फुकुयोच्या डोळ्यांत बघत समोर उभी राहिली.